हेडरेस्ट : आराम नव्हे, मानेची सुरक्षा

शाळा सुटण्याची वेळ झाली की फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. अलीकडे आम्हाला एक नवी सवय लागली आहे. त्या रांगेत उभे राहून गाडीत बसलेल्यांच्या डोक्यामागे काय आहे ते आम्ही पाहतो. सवय का लागली ते पुढे सांगूच, आधी काय दिसले ते सांगतो. बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटचे हेडरेस्ट अगदी खाली, सीटला चिकटलेले होते. गाडी शोरूममधून आली तेव्हा जसे होते तसेच. उंच वडिलांच्या ते जेमतेम मानेच्या मध्यावर येत होते. काही गाड्यांत मागच्या सीटचे हेडरेस्ट काढूनच टाकलेले होते. आणि मुलांची ने-आण करणाऱ्या काही व्हॅनमध्ये, डिकीच्या जागी टाकलेल्या बाकावर जी चिमुरडी बसली होती, त्यांच्या डोक्यामागे मागच्या काचेखेरीज काहीच नव्हते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. हेडरेस्ट ही डोके टेकून डुलकी काढण्याची उशी नाही. मागून धडक बसली तर मान वाचावी म्हणून ते बसवलेले असते. सीटबेल्टबद्दल आपल्याकडे थोडेफार बोलले जाते, हेडरेस्टबद्दल कोणी बोलत नाही. ते नीट लावायला एक पैसाही लागत नाही, दोन मिनिटे लागतात. ही दोन मिनिटे प्रत्येक पालकाने द्यावीत, आणि मुलांच्या वाहनांची पाहणी करताना शाळेने सीट व हेडरेस्टही पाहावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आता सवयीचे कारण. एका पावसाळी संध्याकाळी आमची गाडी नर्मदापुरम रस्त्यावर, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या होशंगाबाद रोडवर, मिसरोदच्या थोडे अलीकडे रहदारीत थांबली होती. मागून एक पिकअप आली आणि तिने धक्का दिला. वेग फार नव्हता. बंपरला चरा गेला, एक दिवा फुटला. चालकाशी दोन शब्द झाले आणि आम्ही घरी आलो. रात्री जेवण-झोप सगळे नेहमीसारखे. सकाळी उठलो तर मान वळेना. दुपारपर्यंत डोके ठणकू लागले, खांद्यापासून हातापर्यंत मुंग्या येऊ लागल्या. एक्स-रे काढला, सुदैवाने हाड शाबूत होते. डॉक्टरांनी विचारले, "तुमच्या सीटचे हेडरेस्ट किती उंचीवर होते?" आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पाहिले तर ते खांद्यापासून जेमतेम चार बोटे वर होते. गाडी घेऊन सात वर्षे झाली होती आणि सात वर्षांत आम्ही त्याला हातही लावला नव्हता. गाडी दोन दिवसांत दुरुस्त झाली. मानेला अडीच महिने लागले.

या दुखण्याला व्हिपलॅश म्हणतात. व्हिप म्हणजे चाबूक. चाबूक ओढताना त्याचे टोक जसे मागे राहते आणि मग झटक्याने येते, तसेच काहीसे मानेचे होते. नववीच्या मुलांनी न्यूटनचा गतीविषयक पहिला नियम वाचलेला आहे. तो इथे लावून पाहा. गाडी उभी आहे. मागून धडक बसते आणि गाडी पुढे ढकलली जाते. गाडीबरोबर सीट पुढे जाते, आणि सीटची पाठ आपल्या पाठीला पुढे ढकलते. डोक्याला मात्र कोणीच ढकललेले नसते, म्हणून ते जागच्या जागी राहू पाहते. धड पुढे, डोके मागे. आणि या दोघांची ओढाताण सोसते ती मान. पहिल्या क्षणी मानेचा खालचा भाग मागे वाकतो आणि वरचा भाग पुढे, म्हणजे मान इंग्रजी 'एस' अक्षरासारखी होते. त्यानंतर डोके मागे कलंडते आणि शेवटी उसळून पुढे येते. हा सगळा खेळ सेकंदाच्या काही दशांशांत आटोपतो. स्नायू आवळून मान सावरायलासुद्धा आपल्याला वेळ मिळत नाही.

आकडा करून पाहू. मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार किलोचे असते. समजा धडकेमुळे उभ्या गाडीचा वेग एक दशांश सेकंदात ताशी १५ किलोमीटर झाला. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. त्याला ०.१ ने भागले की त्वरण येते सुमारे ४२ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या चौपटीहून थोडे जास्त. साडेचार किलोच्या डोक्याला एवढे त्वरण द्यायला सुमारे १९० न्यूटन बल लागते. १९ किलोचे वजन उचलायला जेवढा जोर लागतो तेवढा हा झाला. हा जोर हेडरेस्टने लावला तर डोके आणि धड बरोबर पुढे जातात. हेडरेस्ट नसेल, खाली असेल किंवा लांब असेल तर तो जोर मानेचे सांधे, अस्थिबंध आणि स्नायू यांना लावावा लागतो. ताशी १५ किलोमीटर म्हणजे गल्लीत सायकल चालवण्याचा वेग, हे लक्षात ठेवा.

म्हणूनच हेडरेस्ट नुसते असून भागत नाही, योग्य जागी असावे लागते. ते फार खाली असेल तर डोके त्याच्यावरून मागे जाते आणि हेडरेस्टचा काठ मान वाकण्याची टेकण बनतो. बरोबर उंचीवर पण डोक्यापासून लांब असेल, तर डोके त्याला टेकेपर्यंत मानेचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

हे ज्ञान काही आजचे नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटना हेडरेस्ट सक्तीचे झाले. पुढे स्वीडनच्या दोन कंपन्यांनी यात मोठे काम केले. साबने १९९०च्या दशकाच्या अखेरीस असे हेडरेस्ट आणले की धडकेत प्रवाशाची पाठ सीटमध्ये दाबली गेली की त्याच जोराने एक तरफ हलते आणि हेडरेस्ट वर व पुढे येऊन डोक्याला भिडते. व्होल्वोने १९९८ मध्ये सीटची पाठच अशी केली की ती प्रवाशाच्या शरीराबरोबर थोडी मागे सरकून धक्का पचवते. युरोपातील गाड्यांची सुरक्षा तपासणारी युरो एनकॅप ही संस्था २००८-०९ पासून पुढच्या सीटची व्हिपलॅश चाचणीही घेऊ लागली. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, 'चांगल्या' ठरलेल्या सीटवरील चालकांमध्ये मानेच्या दुखापतीचे प्रमाण 'वाईट' सीटच्या मानाने १५ टक्के कमी होते, आणि तीन महिने किंवा त्याहून अधिक टिकणाऱ्या दुखण्यांचे प्रमाण तर ३५ टक्के कमी होते. सीट आणि हेडरेस्ट यांच्या रचनेने एवढा फरक पडतो.

आपल्याकडे भारत एनकॅप ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, हे चांगलेच झाले. पण सुरू झाली तेव्हा तिचे तारे पुढून आणि बाजूने बसणाऱ्या धडकांवर दिले जात होते, मागून बसणाऱ्या धडकेत मान किती वाचते याचे गुण त्यात धरलेले नव्हते. म्हणून पाच तारे पाहून गाडी घेतलेल्या पालकांनीही आपल्या सीटकडे एकदा वळून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

काही मंडळी म्हणतील, हे परदेशातले, विम्याचे पैसे मिळवण्याचे दुखणे; आपल्याकडे अपघातात माणसे जिवानिशी जातात, तिथे मान लचकल्याचे काय कौतुक? प्रश्न चुकीचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे दगावली. त्या मानाने दुखरी मान ही लहान गोष्ट वाटते. पण त्याच अहवालात असेही दिसते की एकूण अपघातांत सुमारे पाचवा हिस्सा मागून बसलेल्या धडकांचा आहे. आणि आपल्याकडे अशी दुखणी मोजली जात नाहीत, म्हणून ती नाहीतच असे समजायचे काय? मान आखडली की आपण बाम चोळतो, शेकतो, 'रात्री उशी वाकडी झाली असेल' म्हणतो आणि कामाला लागतो. पोळ्या लाटणारी आई, दिवसभर संगणकासमोर बसणारे बाबा, वही घेऊन वाकून बसणारी मुलगी, यांच्यापैकी कोणाचे काम मानेवाचून चालते?

मान किती नाजूक आहे हे साऱ्या महाराष्ट्राला ३ जून २०१४ रोजी कळले. केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे सकाळी दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. चौकात दुसऱ्या मोटारीने त्यांच्या गाडीला बाजूने धडक दिली. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती, गाडीतील इतर जण वाचले; पण मुंडे गेले. शवविच्छेदनात मानेच्या वरच्या मणक्यांना आणि यकृताला इजा झाल्याचे आढळले. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर आहेत, यांनी मागच्या सीटवर बेल्ट लावला असता तर जीव वाचला असता असे जाहीरपणे सांगितले होते. ती धडक बाजूने बसलेली होती, तेव्हा नुसत्या हेडरेस्टने ते वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. सांगायचे ते इतकेच की मागची सीट आपोआप सुरक्षित नसते आणि मानेचे नुकसान बाहेरून दिसत नाही. पुन्हा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हाही मागे बसलेले दोघे बेल्टविना होते. ते दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. बेल्ट आणि हेडरेस्ट ही जोडी आहे. मागून धडक बसल्यावर डोके आणि धड उसळून पुढे येते, तेव्हा अंगाला आवरतो तो बेल्टच. एक लावायचा आणि दुसरे विसरायचे, असे करून चालत नाही.

आपल्या मिसरोदला हा विषय अधिकच लागू आहे. २०१३ मध्ये सुरू झालेला बीआरटीएसचा मार्ग मिसरोदपासून बैरागढपर्यंत होता. तो २०२४ मध्ये काढायला सुरुवात झाली आणि रस्त्याची मधली जागा मोकळी होऊ लागली. इकडे मंडीदीपच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक, तिकडे शहरात कामाला जाणाऱ्या मोटारी, मध्ये वळणारे ऑटो आणि शाळेच्या व्हॅन. वेगाने यायचे आणि एकदम थांबायचे, अशी ही रहदारी. पुढचा थांबला आणि मागच्याचे लक्ष मोबाईलमध्ये असले की आमचे झाले तेच व्हायचे.

मग करायचे काय? विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे. येत्या रविवारी घरातल्या गाडीत आई-बाबांना, आजी-आजोबांना एकेक करून बसवा, बाजूने पाहा आणि पट्टीने मोजा.

हेडरेस्टचे वरचे टोक डोक्याच्या वरच्या टोकाच्या पातळीत असेल तर उत्तम. तेवढे वर जात नसेल तर निदान साडेतीन इंचांपेक्षा अधिक खाली नको. ढोबळ खूण म्हणजे ते कानाच्या वरच्या टोकाच्या खाली असता कामा नये. डोके आणि हेडरेस्ट यांतले अंतर चार इंचांपेक्षा कमी हवे. जितके कमी तितके चांगले. सीट फार रेलून ठेवली की हे अंतर वाढते, म्हणून पाठ शक्य तितकी सरळ ठेवा. हेडरेस्ट बहुतेक गाड्यांत नुसते ओढून वर येते, खाली करताना बाजूचे बटण दाबावे लागते; वर उचलल्यावर खटका बसल्याचा आवाज आला की ते खाली दाबून पाहावे. एकाच गाडीत कधी आई तर कधी बाबा चालवत असतील, तर आरशाप्रमाणे हेडरेस्टही दर वेळी बदलायला हवे.

मागे नीट दिसत नाही म्हणून मागच्या सीटचे हेडरेस्ट काढून माळ्यावर टाकलेले असतील तर ते आजच काढून बसवा. मागे कोणी बसलेले नसताना ते खाली दाबून ठेवता येतात, त्यासाठी काढण्याची गरज नाही. दुकानात मिळणाऱ्या जाड उशा हेडरेस्टला बांधू नका. त्या डोके पुढे ढकलतात किंवा धडकेत सरकतात. सीट कव्हर शिवताना हेडरेस्टसकट एकच गवसणी घातली तर हेडरेस्ट हलतच नाही, तेही पाहा. मोबाईलवर एक संदेश फिरत असतो, की गाडीत अडकल्यावर काच फोडता यावी म्हणून हेडरेस्ट सुटे ठेवलेले असते. ते खरे नाही. उंची बदलता यावी आणि सीट दुमडता यावी म्हणून ते सुटे असते.

लहान मुलांचे गणित निराळे. शरीराच्या मानाने त्यांचे डोके मोठे आणि मान कोवळी असते. म्हणूनच तान्ह्या बाळाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवतात. पुढून धडक बसली तर सीटची सबंध पाठ बाळाचे डोके, मान आणि पाठ एकत्र झेलते. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी १९६४ मध्ये अशा सीटचा पहिला नमुना केला, आणि त्यांना ती कल्पना अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली होती. थोड्या मोठ्या मुलाला बूस्टर सीटवर बसवले की बेल्ट गळ्यावर न येता खांद्यावर येतो. पण मग त्याचे डोके सीटच्या पाठीच्या वर जात नाही ना, हे पाहायला हवे. जात असेल तर तिथे हेडरेस्ट हवेच. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची आपली हौस तर आता सोडलीच पाहिजे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालआसन न लावता नेल्यास हजार रुपये दंड आहे. दंडाची भीती बाळाच्या मानेपेक्षा मोठी वाटू नये, इतकेच.

आता विश्वस्त मंडळींसाठी. शाळेच्या वाहनांची पाहणी होते तेव्हा कागदपत्रे, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी पाहिली जाते. त्यात आणखी चार गोष्टी घालाव्यात, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक मुलाला पुढे तोंड केलेली स्वतंत्र जागा असावी. त्या जागेची पाठ मुलाच्या डोक्यापर्यंत उंच असावी किंवा तिला हेडरेस्ट असावे. डिकीच्या जागी टाकलेला बाक चालणार नाही, कारण मागून धडक बसली की पहिली ठेच तिथेच लागते. आणि प्रत्येक जागेला चालू स्थितीतला बेल्ट असावा.

हे म्हणायला सोपे आहे, याची आम्हाला जाणीव आहे. बाक काढला तर व्हॅनमध्ये मुले कमी बसतील, आणि व्हॅनवाल्या भैयांचे उत्पन्न घटेल. ती माणसे वर्षानुवर्षे आपल्या मुलांना नावाने ओळखतात, ताप आला तर घरापर्यंत उचलून आणतात. सगळा दोष त्यांच्या माथी मारणे बरे नाही. दर वर्षी जूनमध्ये भाड्याची घासाघीस कोण करते? आपणच. शंभर रुपये कमी करून घेतो आणि मग व्हॅनमध्ये मुले कोंबतात म्हणून तक्रार करतो. तेव्हा सुरक्षित जागा हवी असेल तर तिचे भाडे देण्याची तयारी पालकांनी दाखवली पाहिजे. ज्यांना ते झेपणार नाही अशा घरांसाठी विश्वस्तांनी शाळेच्या निधीतून काही वाटा उचलावा. पुढच्या पालक सभेत हा विषय मांडावा, अशी विनंती आम्ही करत आहोत.

शेवटी एक काळजीची गोष्ट. एवढे करूनही धडक बसलीच, तर त्या दिवशी दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. दुखणे बहुधा दुसऱ्या दिवशी येते. हातात बधिरपणा, अशक्तपणा, जोराची डोकेदुखी, उलट्या, चक्कर यांपैकी काही असेल तर लगेच दवाखाना गाठा. मोठ्या अपघातात कोणाच्या मानेला लागल्याची शंका असेल तर त्याला ओढून बाहेर काढू नका. आग किंवा तसा धोका नसेल तर मान स्थिर ठेवून १०८ ला फोन करा. आणि हाड मोडलेले नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तर महिनोन्‌महिने पट्टा बांधून बसू नका. त्यांच्या सल्ल्याने मान हळूहळू हलती ठेवणेच हिताचे असते. आम्ही पहिले तीन आठवडे पट्ट्यात काढले आणि त्यामुळेच आमचे दुखणे लांबले, असे डॉक्टरांचे मत पडले.

असो. उद्या सकाळी गाडीची किल्ली फिरवण्याआधी मागे हात न्या आणि हेडरेस्ट डोक्याच्या पातळीत आणा. मग मागे वळून मुलांचेही पाहा. शाळेच्या घंटेला तेवढ्याने उशीर होणार नाही.